ग्रंथपाल पाहिजे, पोहणे आवश्यक

"एवढीच?" आबामामानं माझी फाइल टीपॉयवर उपडी केली आणि माझी आजवरची सगळी कमाई दोन बोटांनी विस्कटून बघितली. "टायपिंग, तीस शब्दांचं. बरं. ग्रंथालयाचा कोर्स. हा तू कधी केलास रं?"

"हेमीनं केला तेव्हा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आणि प्रथमोपचार?"

"हेमीनं केला तेव्हाच."

मामानं चौथा कागद उजेडात धरला. "पोहणं? पोहण्याचं बी सर्टिफिकेट मिळतंय?"

"बारा दिवसांचा वर्ग होता," मी म्हणालो. "हेमी..."

"कळलं," मामा म्हणाला.

हेमी म्हणजे हेमलता तारळेकर, आमच्या शेजारच्या कंपाउंडरकाकांची मुलगी. ती माझ्यापेक्षा पाच दिवसांनी मोठी. त्या पाच दिवसांचा वचपा आई चोवीस वर्षं माझ्यावर काढत होती. हेमी चालायला लागली तेव्हा मी रांगत होतो, हेमी पाढे म्हणायला लागली तेव्हा मी पाटी चाटत होतो, असा तो हिशेब. आईची ठाम समजूत होती की हुशारी कांजिण्यांसारखी असते, जवळ बसलं की लागते. म्हणून हेमीनं कुठल्याही वर्गात नाव घातलं की आठवड्याच्या आत माझंही नाव तिथं पडायचं. हेमी शिकायची. मी पास व्हायचो.

पोहण्याचा वर्ग त्यातलाच. माझे एक चुलते नदीत बुडून गेले होते, तेव्हापासून आईनं मला नदीची शपथ घातली होती. पण सोबत हेमी आहे आणि काठावर सर आहेत म्हटल्यावर तिनं ती शपथ बारा दिवसांपुरती मागं घेतली. ते बाराही दिवस मी घाटाच्या पायरीवर बसून कांदाभजी खाल्ली. शेवटी सरांनी वैतागून माझ्या कागदावर सही केली आणि हात जोडले.

आबामामा आमच्या हातनोलीचा नगराध्यक्ष. नगरपरिषदेच्या वाचनालयात सहायक ग्रंथपालाची जागा रिकामी झाली होती, आणि ती मला लावायचा शब्द त्यानं बहिणीला दिला होता. आता जागा सरकारी, म्हणजे जाहिरात काढायची, अर्ज मागवायचे, परीक्षा घ्यायची, हे सगळं आलं. मामाला त्याचं काही वाटत नव्हतं. जाहिरात काढायची ना, मग काढू. फक्त आधी माणूस ठरवायचा आणि मग त्याच्या अंगावर माप घेऊन जाहिरात शिवायची. चार सर्टिफिकेटं त्यानं ओळीनं मांडली आणि मला सांगितलं, "लिही."

मी लिहिलं. ग्रंथालय प्रमाणपत्र आवश्यक. मराठी टंकलेखन आवश्यक. प्रथमोपचार प्रमाणपत्र आवश्यक. पोहणे आवश्यक. वय तेवीस ते पंचवीस. उमेदवार वाचनालयापासून एका फर्लांगाच्या आत राहणारा असावा.

"झालं," मामा म्हणाला. "आता सगळ्या जिल्ह्यात तुझ्याशिवाय दुसरा माणूस ह्यात बसत असला तर मी मिशी काढीन."

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आम्ही मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत गेलो. मुख्याधिकारी धामणकरसाहेब सडपातळ, हळू बोलणारे, सहा महिन्यांत निवृत्त होणार होते. बदलीची भीती घालण्याच्या पलीकडं गेलेला अधिकारी मामाला फार अवघड जायचा. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"आबासाहेब, ग्रंथपालाला पोहणं कशाला?"

मामा गडबडला नाही. "साहेब, वाचनालय नदीकाठाला. पूर आला तर पुस्तकं कोण वाचवणार?"

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "आणि पुस्तकं वाचवताना कुणी बुडालं तर प्रथमोपचार. आणि पूर वेळ सांगून येत नाही म्हणून फर्लांगाच्या आत घर. फार विचार केलाय तुम्ही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "फक्त एक आहे. अट घातली की ती तपासावी लागते. नुसत्या सर्टिफिकेटावर भागवलं आणि उद्या कुणी तक्रार केली तर सही माझी असते. तेव्हा पोहण्याची परीक्षा घ्यावी लागेल."

"घ्या की," मामा म्हणाला आणि माझ्याकडं वळला. "येतंय ना तुला?"

"सर्टिफिकेट आहे," मी म्हणालो.

साहेबांनी सही केली. बाहेर आल्यावर मामानं मला बजावलं की हा कागद कचेरीत टाइप करायचा नाही, बोभाटा होईल. नियमाप्रमाणं पंधरा दिवस फळ्यावर लागेल आणि एका साप्ताहिकात छापून येईल, तेवढं पुरे. ते साप्ताहिक गावात फक्त वडेवाला घ्यायचा, पुड्या बांधायला. "तूच टाइप कर," मामा म्हणाला. "आहे ना सर्टिफिकेट?"

आता माझ्या टायपिंगची गोष्ट अशी की वर्गात सहा महिने माझे सगळे सराव हेमीनं टाइप केले होते. त्यामुळे माझे पाय सवयीनं टायपिंग इन्स्टिट्यूटकडं वळले. हेमी तिथं आता सकाळी शिकवायला जायची. मी स्टेन्सिल आणि तो कागद तिच्या पुढ्यात ठेवला.

"एवढं करून दे."

तिनं मशीनवर स्टेन्सिल चढवलं आणि खडाखडा सुरुवात केली. चौथ्या ओळीला खडखड थांबली. तिनं कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला आणि मग खुर्चीत मागं रेलून हसायला लागली. इतकी हसली की शेजारच्या मशीनवरची मुलगी चुकली.

"दिगू, हे तुझं माप आहे."

"हो."

"मग माझं पण आहे की."

खरं सांगतो, तोवर माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. मामाच्या तर नव्हतंच नव्हतं. चोवीस वर्षं माझी आई मला हेमीच्या मागं धाडत होती. मग माझ्या अंगावर बेतलेली कुठलीही जाहिरात आधी हेमीला बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिचं वय तेच आणि घर तर आमच्या भिंतीला भिंत लावून.

हेमीचं हसू हळूहळू ओसरलं. का ओसरलं ते मला माहीत होतं. वर्षापूर्वी कंपाउंडरकाकांचा उजवा हात लुळा पडला आणि दवाखान्यातली नोकरी गेली. तेव्हापासून हेमी तीन ठिकाणी मुलाखतीला जाऊन आली होती. एका ठिकाणी तिला नाव विचारून चहा दिला आणि पुढच्याला बोलावलं. दुसऱ्या ठिकाणी चहाही दिला नाही. तिसऱ्या ठिकाणी जो माणूस लागायचा होता तो आधीच टेबलापाशी बसून हजेरी लावत होता. तिच्या काकानं इचलकरंजीचा एक बिजवर बघून ठेवला होता, दोन मुलांचा. अक्षय्य तृतीयेपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर अक्षता.

"मी अर्ज केला तर?" तिनं विचारलं.

"कर की. खुली भरती आहे."

"तुझा मामा चिडेल."

"माझ्यावर चिडेल. तुझ्यावर कशाला?"

"आणि तुझ्या आईला काय सांगशील?"

"सांगीन, हेमीनं अर्ज केला. मग ती मला म्हणेल, तू पण कर."

तिनं माझ्याकडं बराच वेळ रोखून बघितलं. मग जाहिरात पुरी टाइप केली, एकही चूक न करता, आणि त्याच बैठकीत मशीनवर कोरा कागद चढवून स्वतःचा अर्जही टाइप केला.

मुदत संपली तेव्हा दोनच अर्ज होते. मामानं मला घरी बोलावून घेतलं. "तिला सांगितलं कुणी?"

"फळ्यावर होती की जाहिरात."

"फळ्यावरची जाहिरात कोण वाचतंय? मी नगराध्यक्ष आहे, मी कधी वाचली न्हाई." मग तो शांत झाला. "असू दे. उलट बरंच झालं. दोघं असले की परीक्षा झाल्यासारखी दिसती. तू काळजी करू नको."

चैत्रातल्या एका शुक्रवारी सकाळी लेखी आणि टायपिंग झालं. हेमीला पन्नासात एक्केचाळीस पडले. मला सतरा. मामा जराही हलला नाही, कारण तोंडी परीक्षेला पन्नास गुण होते आणि ती घेणार होता मामा. मधल्या वेळात त्यानं मला चष्मा आणायला घरी पिटाळलं, तो टेबलावर विसरला होता. मी गेलो आणि चष्मा आणून दिला.

मग आम्ही सगळे घाटावर गेलो. नगरपरिषदेचे लोक होते, आणि धामणकरसाहेबांनी आदल्या दिवशी फळ्यावर "परीक्षा सर्वांना पाहण्यास खुली" असं लिहून ठेवल्यामुळं अर्धं गाव होतं. फळा कुणी वाचत नाही हे मामाचं मत त्या दिवशी खोटं ठरलं. बंधारा अडवलेला, पाणी तुडुंब. मध्ये हत्तीखडक. त्या खडकावर साहेबांनी सकाळीच नावेतून दोन जाडजूड पुस्तकं नेऊन ठेवली होती.

"जाहिरातीत म्हटल्याप्रमाणं," साहेब त्यांच्या हळू आवाजात म्हणाले, "पुस्तकं पुरातून वाचवायची आहेत. खडकापर्यंत जायचं, आपापलं पुस्तक घ्यायचं, परत यायचं. पुस्तक कोरडं पाहिजे."

मामानं त्यांच्याकडं बघितलं. साहेब नदीकडं बघत होते. आई पायरीवर उभी होती, पदर तोंडाला लावून.

हेमीनं ओढणी कमरेला बांधली आणि सूर मारला. मी नाक धरून उडी टाकली. पुढचं मला काठावरच्यांनी नंतर इतक्या वेळा सांगितलं की माझं कुठलं आणि त्यांचं कुठलं, ते आता वेगळं करता येत नाही. हेमी खडकाला टेकली, पुस्तक उचललं आणि वळली, तेव्हा मी मध्यावर होतो आणि पाण्याला नुसते तडाखे देत होतो. मग माझं डोकं खाली गेलं. वर आलं. पुन्हा खाली गेलं. काठावर आईनं हंबरडा फोडला.

हेमीनं पुस्तक खडकावर परत ठेवलं, पाण्यात झेप घेतली आणि माझ्यामागून येऊन हनुवटीखाली हात घालून मला ओढत घाटावर आणलं. पायरीवर पालथं घातलं आणि पाठ दाबली. माझ्या तोंडातून नदीचं बरंच पाणी निघालं आणि थोडे सकाळचे पोहेही. मी डोळे उघडले असं बघितल्यावर ती उठली आणि परत पाण्यात शिरली. लोकांना कळेना की आता हिचं काय राहिलं. ती पुन्हा खडकापर्यंत गेली आणि एक हात वर धरून परत आली. त्या हातात दोन्ही पुस्तकं होती. माझंसुद्धा. दोन्ही कोरडी.

साहेबांनी पानं उलटून बघितली आणि वहीत लिहिलं. "प्रथमोपचाराचीही परीक्षा झाली. वेगळी घ्यायला नको."

कपडे धुणाऱ्या पारूबाईनं पिळा तसाच हातात धरून विचारलं, "आबासाहेब, पुरात पुस्तकं ह्यो वाचवणार, का पुस्तकांनी ह्याला वाचवायचं?"

घाट हसला. वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत हसला, आणि पुढं आठ दिवस गाव हसत होतं. निवडणूक तीन महिन्यांवर होती. मामा मला लावण्याचं सोडाच, माझं नाव काढायलाही तयार नव्हता. तोंडी परीक्षा झाली, तीत त्यानं मला चार गुण दिले. अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी हेमी वाचनालयात रुजू झाली. इचलकरंजीच्या बिजवराला नारळ देऊन परत पाठवलं.

आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. बोलायला लागली तेव्हा पहिलं वाक्य होतं, "त्या हेमीकडं बघ जरा." मामानं मिशी मात्र काढली नाही. मी लाउडस्पीकरचं दुकान टाकलं, ते बरं चाललं. वाचनालयात मी इतक्या वर्षांत गेलो तो पंखे दुरुस्त करायला. पण मुलं अभ्यासाला तिथं बसतात, बायका दुपारी पुस्तकं बदलायला येतात, आणि दोन मोठे पूर आले त्यात एकही पुस्तक भिजलं नाही, हे मला माहीत आहे. हेमी ग्रंथपाल झाली. चौतीस वर्षं झाली आणि गेल्या वैशाखात ती निवृत्त झाली.

निरोपाच्या कार्यक्रमाला माइक माझाच होता. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं, लोक पांगले. मी वायर गुंडाळत होतो. हेमी येऊन समोरच्या बाकावर बसली.

"दिगू, एक विचारायचं राहिलंय. चौतीस वर्षं राहिलंय."

"विचार."

"बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो. हातात सापडेल ते धरतो, सोडत नाही. म्हणून त्याला मागून धरायचं. वर्गात पाचव्या दिवशी शिकवलं होतं."

मी वायर गुंडाळत राहिलो. पाचव्या दिवशी मी भजी खात होतो.

"तू मला हातसुद्धा लावला नाहीस," हेमी म्हणाली. "निवांत उताणा पडून राहिलास. मी ओढत होते आणि तू खालून पाय मारत होतास, मला सोपं जावं म्हणून. तुला पोहता येत होतं."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. आईनं नदीची शपथ घातली ती मी तिसरीत असताना. चौथीपासून मी शाळा बुडवून गवळ्याच्या पोरांबरोबर वरच्या डोहात म्हशींच्या शेपट्या धरून पोहत होतो आणि केस वाळवून घरी येत होतो. वर्गात पायरीवर बसून राहिलो तो त्याच कारणानं. पाण्यात उतरलो असतो तर पहिल्या दिवशीच बिंग फुटलं असतं.

"मग का?" तिनं विचारलं.

"मामानं चष्मा आणायला पाठवलं होतं, आठवतं? चष्म्याखाली तोंडी परीक्षेचा कागद होता. परीक्षा व्हायच्या आधीच भरलेला. मला अठ्ठेचाळीस. तुला नऊ."

मी मनात बेरीज केली होती तशी तिनंही केली असणार. तिचे एक्केचाळीस आणि नऊ, पन्नास. माझे सतरा आणि अठ्ठेचाळीस, पासष्ट.

"मी नुसता हरलो असतो तर भागत नव्हतं," मी म्हणालो. "सगळ्या गावासमोर असं हरायला पाहिजे होतं की मामाची माझं नाव घ्यायची छाती होऊ नये."

मला वाटलं, ती डोळे पुसेल, किमान आभार तरी मानेल. तिनं शालीची घडी बाकावर आपटली.

"आणि मला सांगितलं नाहीस. चौतीस वर्षं मी त्या खुर्चीत बसले आणि रोज एकदा तरी मनात यायचं, ही नोकरी मी मिळवली का दिगूनं सोडली म्हणून मिळाली. लोक मला म्हणायचे, बाई तुम्ही खऱ्या परीक्षेतून आलात. मी मान डोलवायचे आणि आतून जळायचे. तुझ्या मामानं माप घेऊन जाहिरात केली, तू माप घेऊन बुडालास. माझी परीक्षा घेतली कुणी?"

मला खरंच वाईट वाटलं. इतकी वर्षं मी स्वतःला त्या गोष्टीतला भला माणूस समजत होतो, आणि तिच्या बाजूनं मी एकदाही बघितलं नव्हतं.

"आता काय करू?" मी विचारलं.

"उद्या सकाळी सहाला घाटावर ये. हत्तीखडक आणि परत. आणि दिगू, या वेळी नाटक केलंस तर खरंच बुडवीन."

मी गेलो. तिचे यजमान टॉवेल घेऊन पायरीवर बसले होते आणि त्यांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी एक, दोन, तीन म्हटलं. मी सूर मारला आणि चौतीस वर्षांची सगळी लाज एकत्र करून पोहलो. पोट सुटलंय, पण म्हशींनी शिकवलेलं विसरत नाही. अर्ध्यापर्यंत मी तिच्या खांद्याला खांदा होतो. मग ती पुढं गेली. सावकाश, रोज सकाळी पोहणाऱ्या माणसाच्या सवयीनं पुढं गेली. तिनं खडकाला हात लावला तेव्हा मी दहा हात मागं होतो. ती वळून माझ्या शेजारून परत निघाली, आणि मी जिवाच्या आकांतानं शेवटचे दहा हात मारायला गेलो, तेवढ्यात माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला.

मी बुडालो. नाकातोंडात पाणी गेलं, वर बघतो तर उजेड नाही. कुणाचा तरी हात लागला आणि मी दोन्ही हातांनी मिठी मारली. गळा होता. मी सोडीना. मला एक सणसणीत चपराक बसली, कुणीतरी मला उलटा फिरवला, आणि हनुवटीखाली तोच जुना हात आला.

घाटाच्या पायरीवर मी खोकत पडलो होतो. हेमी शेजारी बसून केस पिळत होती. तिच्या गळ्यावर माझ्या नखांचे ओरखडे होते आणि ती गालातल्या गालात हसत होती.

"हं," ती म्हणाली. "याला म्हणतात बुडणं."

मग तिनं यजमानांच्या हातातून टॉवेल घेतला, माझ्या अंगावर टाकला आणि उठली.

"आता पेन्शन निवांत घेते."